नानांची सुरती करवत

माझ्या सासऱ्यांना सगळं गाव नाना म्हणायचं. या नानांनी आयुष्यात कुठलीही वस्तू पहिल्या दुकानात घेतली नाही. पहिलं दुकान त्यांच्या मते भाव कळावा एवढ्यासाठीच असतं. तिथं ते सेठजींच्या माठातलं पाणी पीत, त्यांच्या मुलाबाळांची चौकशी करत, वस्तू उलटीपालटी करून बघत आणि "येस सेठ, एक चक्कर मारीसन", म्हणजे चक्कर मारून येतो, असं म्हणून उठत. ही चक्कर कधी अमळनेरच्या बाजारापुरती असे, कधी धुळ्यापर्यंत जाई, तर कधी जळगावपर्यंत. अमळनेरच्या दुकानदारांना याची इतकी सवय झाली होती की नाना पायरी चढताना दिसले की ते काय पाहिजे हे न विचारता पाण्याचा तांब्याच पुढं करत.

अशा चकरांमधून घरात आलेल्या प्रत्येक वस्तूला स्वतःचा स्वभाव होता. छत्री उघडायची, पण मिटायची नाही, म्हणून पावसाळाभर ती ओसरीवर उघडीच बसलेली असे. बॅटरीला थप्पड मारल्याशिवाय उजेड पडत नसे. सगळ्यांत लाडकं होतं ते गजराचं घड्याळ. ते फक्त पालथं ठेवल्यावर चालायचं. वेळ बघायची तर उचलावं लागे आणि उचललं की ते थांबे. त्यामुळे आमच्या घरात वेळ बघणं हे चपळाईचं काम होतं. अक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, यावरून रोज काहीतरी बोलायच्या. नाना शांतपणे म्हणायचे, "चालस ना? मंग."

पहिल्या दुकानात न घेण्याच्या नियमाला त्यांनी एकदा मुरड घातली होती, ती माझ्या लग्नात. माझे वडील धुळ्याला एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. नाना मुलासाठी मुलगी बघायला धुळ्याला आले, तेव्हा त्यांना आणखी दोन-तीन घरं बघायची होती आणि आमचं पहिलं होतं. पोहे खाऊन झाल्यावर त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, मोठी करवत कधी पाहिली आहे का म्हणून. मी नाही म्हटलं. नाना हसले, पदराला हात पुसावेत तसे धोतराला हात पुसले आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "आते फिरानं काम नही." देण्याघेण्याचा विषय त्यांनी काढलाच नाही. पुढं घरात काही बिनसलं की अक्का मला ऐकवायच्या, "यासनी एक तुलेच पहिल्या दुकानमाईन आनं." त्या टोमणा मारत, आणि मी तो दिवसभर मनातल्या मनात मिरवत असे.

करवत मी लग्नानंतर पाहिली. पुरुषभर लांब, दोन्ही टोकांना लाकडी मुठी, आणि ओढायला दोन माणसं. नानांची शेती जेमतेम होती, त्यांचा खरा धंदा लाकडाचा. पडलेली, वठलेली झाडं विकत घ्यायची, कापायची आणि अमळनेरच्या वखारीत पोचवायची. एका मुठीला नाना आणि दुसऱ्या मुठीला त्यांचा एकुलता एक मुलगा हिरामण, म्हणजे आमचे हे. काम संपलं की नाना कानस घेऊन एकेका दाताला धार लावत बसायचे. करवतीबद्दलचं त्यांचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावायचं: "करवत नुसती वढानी. ढकलानी नही." ढकललं की पातं वाकतं. उगाच जोर लावणाऱ्या कुठल्याही माणसाला ते 'ढकल्या' म्हणायचे. त्यात एसटीत गर्दी मागं सारणारे कंडक्टर आले, मतं मागायला येणारे पुढारीही आले.

लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोच हे सुरतेला गेले. आमच्या भागातली निम्मी तरणी पोरं तिकडं कापडाच्या मागावर कामाला होती. लाकडाच्या धंद्यात दोन घरं चालणार नव्हती, हे सगळ्यांना दिसत होतं. दुसऱ्या मुठीला नानांनी मजूर लावून पाहिले, पण कुणी महिनाभर टिकला नाही, सगळेच ढकल्ये निघाले. करवत भिंतीवर गेली. हे दिवाळीला यायचे आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, यायचे. आल्यावर पोटभर जेवायचे, झोपायचे, माझ्याशी नीट बोलायला सुरुवात होईपर्यंत जायची वेळ व्हायची. मला सुरतेला न्यायचा विषय निघाला की नाना उठून गोठ्यात जायचे. एकदा ते अक्कांना सांगत होते, ते मी चुलीपाशी बसून ऐकलं. सून आठे शे तवलोंग पोऱ्याले येनंच पडी, म्हणजे मी इथं आहे तोवर मुलाला यावंच लागेल, असं त्यांचं म्हणणं होतं. खुंटीला दावं बांधावं तशी मी त्या घरात होते. मला फार राग आला.

तो टिकला मात्र नाही, कारण नानांवर राग टिकवणं अवघड होतं. मला वाचायची आवड आहे हे त्यांच्या लक्षात आलं होतं. मासिक विकत आणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मग ते किराणा दुकानात उभे राहून डाळ-गूळ जुन्या मासिकांच्या पानांत बांधून मागायचे, आणि पानं ओळीनं लावून द्या असा वाण्याला आग्रह करायचे. घरी आले की पुड्या माझ्यासमोर ठेवत. मी पुड्या सोडून पानं सरळ करत असे. त्या काळात मी पुष्कळ गोष्टी वाचल्या, पण एकीचाही शेवट मला मिळाला नाही.

एका दिवाळीला जेवताना हे सहज बोलून गेले की सुरतेत एक मशीन पाहिलं, चेनवर चालणारी करवत, एकटा माणूस घटकाभरात झाड आडवं करतो. आणि पुढं म्हणाले, तसलं मशीन घरात असतं तर मी कशाला सुरतेला मरायला जातो. यांना ते बोलल्याचं आठवतही नसेल. नानांचा घास मात्र हातातच राहिला. त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. मशीन आणायचं, म्हणजे मुलगा आणायचा.

नाना रीतसर जळगावला गेले. तिथल्या एका सेठच्या दुकानात ते मशीन होतं. सेठ भला माणूस. त्यानं मशीन दाखवलं, चालवून दाखवलं आणि समजावलं की नाना, मशीन एकदाच घ्याल, पण चेन तुटत राहते, पातं झिजतं, तेव्हा ज्याचं सगळं सामान हाताशी मिळेल असंच मशीन घ्या, थोडं थांबावं लागलं तरी चालेल. नाना पाणी पिऊन परत आले. घरी येऊन तक्रार केली, "माले मशीन लेवानं शे, आनि तो चेननाच गोष्टी करी राहिना." जळगावचं मशीन आमच्या आवाक्याबाहेर होतं, हे खरं. पण आणखी एक हंगाम थांबलो असतो तर ते जमण्यासारखं होतं. यांनीही पत्रातून तेच कळवलं. नानांना थांबायचं नव्हतं. प्रत्येक वस्तूसाठी गावोगाव चकरा मारणारा माणूस या एका वस्तूपुरता घायकुतीला आला होता.

आखाजीच्या आधी ते पॅसेंजरनं सुरतेला गेले आणि यांना न सांगता रविवारच्या बाजारात शिरले. भावनगरकडं मोठी जहाजं तोडतात, त्यांतून निघालेला माल त्या बाजारात येतो. एका फाटक्या ताडपत्रीवर त्यांना हवं ते दिसलं. नारिंगी रंगाचं, विलायती अक्षरांचं, आणि जळगावच्या निम्म्याहून कमी भावात. विकणाऱ्यानं एकदाच दोरी ओढली आणि मशीन भुर्रकन सुरू झालं. नानांनी हात लावून पाहिलं तर ते कोमट लागलं. उन्हात पडलेलं आहे म्हणून असेल, असं त्यांना वाटलं. ग्राहकाची चाहूल लागायच्या आधी मशीन चालवून गरम करून ठेवतात, आणि गरम मशीन कुणाचंही सुरू होतं, हे आम्हाला नंतर कळलं.

त्या आखाजीला मी माहेरी गेले नाही. गावातल्या सगळ्या लेकी आल्या होत्या, निंबाला झोके बांधले होते, अक्कांनी खापरावर मांडे केले होते, आणि अंगणात गोणपाटावर ते नारिंगी मशीन कुंकू लावून ठेवलं होतं. नानांनी यांना सोबतच आणलं होतं. यांनी दोरी ओढली. पुन्हा ओढली. दंड भरून आले तरी मशीन ढिम्म. बघायला जमलेली मंडळी मांड्यांकडं वळली. नाना मात्र विचार करत बसले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मशीन अक्कांच्या पापडांशेजारी पत्र्यावर उन्हात ठेवलं. दुपारी ते खाली काढून दोरी ओढली तर सुरू झालं. मग ते रोजचंच झालं. आमच्याकडं पापड, कुरडया आणि मशीन एकत्र वाळत असत.

दुसरी अडचण तेलाची होती. चेनवर सारखं तेल पडत राहावं लागतं, आणि त्या मशीनची नळी इतकी बारीक की गॅरेजमधलं तेल तिच्यातून उतरेचना. नानांनी अक्कांच्या डब्यातलं शेंगदाण्याचं तेल ओतून पाहिलं. ते झरझर उतरलं. चेन तापली की अख्ख्या शिवारात भज्यांचा वास सुटायचा. कुत्री गोळा व्हायची, बांधावरच्या बायका जेवणाची वेळ झाली की काय म्हणून वर बघायच्या. एका शेतकऱ्यानं तर येऊन विचारलं, "नाना, झाड कापी राहिनात का तळी राहिनात?" नाना म्हणाले, "चालस ना?"

आणि खरंच, थोडे दिवस ते चाललं. बाभळी, निंब, एक वठलेला आंबा. संध्याकाळी हे घरी यायचे तेव्हा केसांत भुसा असायचा आणि सदऱ्याला भज्यांचा वास. सुट्टी संपली तरी हे गेले नाहीत. सुरतेहून निरोप आला की मागावर दुसरा माणूस बसवतील, तरी गेले नाहीत. आम्ही ओसरीवर बसून बोलत राहायचो, आणि आतून नानांचा खोकल्याचा आवाज यायचा, मुद्दाम काढलेला, मी जागा आहे हे सांगणारा. इतकं सुख मला त्या घरात आधी मिळालं नव्हतं. घड्याळ पालथं होतं ते बरंच होतं.

वैशाखातल्या वादळात नाल्याकाठची जुनी चिंच एका शेतकऱ्याच्या वाटेवर आडवी पडली. पेरणीच्या आत वाट मोकळी करून द्यायचं काम नानांनी अंगावर घेतलं. फांद्या सहज निघाल्या. बुंध्याला मशीन लावलं आणि मध्यावर चेन तुटली. चिंचेचं लाकूड लोखंडासारखं, त्यात चेन दोन्ही बाजूंनी झिजलेली. एवढंच ना, चेन आणू, असं म्हणून नाना दुसऱ्या दिवशी तुटकी चेन पिशवीत घालून जळगावला गेले. सेठनं चेन बोटांवर मोजली, कपाटातल्या चेनी शेजारी धरून पाहिल्या आणि मान हलवली. दात बसत नव्हते, जाडी जुळत नव्हती. मी सांगितलं होतं असं तो एकदाही म्हणाला नाही. पाणी दिलं. नाना तिथून धुळ्याला गेले. रावेरला केळीच्या ट्रकवाल्यांकडं अशी मशीनं असतात असं कुणी सांगितलं, म्हणून रावेरला गेले. आयुष्यभर त्यांनी स्वस्त वस्तू शोधत चकरा मारल्या होत्या. आता ते कुठल्याही भावाला तयार होते आणि वस्तूच नव्हती.

शेवटी अमळनेरच्या एका वेल्डरनं कडी जोडून दिली. यांनी मशीन बुंध्याला लावलं. मी न्याहारी घेऊन गेले होते, बांधावर उभी होते. चेन पुन्हा तुटली आणि या वेळी ती उलटी आली. यांची बाही कोपरापर्यंत फाटली आणि हातावरून रक्ताची रेघ उमटली. जखम खोल नव्हती, एक बोट इकडंतिकडं झालं असतं तर काय झालं असतं हे मात्र तिघांनाही दिसलं. नानांनी मशीन यांच्या हातातून काढून घेतलं, बंद केलं, स्वतःच्या उपरण्यानं यांचा हात बांधला आणि बराच वेळ त्या हाताकडं बघत बसले. मग म्हणाले, "हिरामण, तू जाय सुरतले."

हे म्हणाले, अजून एकदा वेल्डिंग करून बघू. नानांनी ऐकलंच नाही असं केलं. हात भरून आल्यावर हे गेले. जुना माग गेलाच होता, दुसऱ्या कारखान्यात रात्रपाळीवर पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. मशीन ज्या पोत्यातून आलं होतं त्याच पोत्यात माळ्यावर गेलं.

चिंच मात्र वाटेवर तशीच होती आणि पेरणी जवळ आली होती. नानांनी शब्द दिला होता. त्यांनी भिंतीवरची करवत काढली, पुसली, धार लावली आणि दुसऱ्या मुठीसाठी माणूस शोधायला गावात एक चक्कर मारून आले. कुणी मिळालं नाही. मी पदर खोचला आणि म्हटलं, चला. अक्का ओरडल्या, सुनेनं झाडं कापायची म्हणजे लोक काय म्हणतील. नाना माझ्याकडं बघून थोडंसं हसले. मला वाटतं त्यांना धुळ्याचे पोहे आठवले असावेत.

पहिल्या दिवशी मी जोर लावून ढकलत होते. पातं वाकायचं, अडकायचं. ढकल्या म्हणून मला त्यांनी हाक मारली नाही. मग मी ढकलणं सोडलं आणि नुसतं ओढायला लागले, सारखं ओढत राहिले, तर करवत हलेचना. नाना थांबले.

"मी वढस तव्हय तू सोड, माय," ते म्हणाले. "दोन्हीसनी वढं ते ती कोनीच ऱ्हात नही. मधमाच आडकस."

मग हळूहळू जमलं. ते ओढत तेव्हा मी हात सैल सोडत असे, मी ओढताना ते सोडत. भुसा पायावर पडत होता. ओल्या चिंचेच्या लाकडाचा आंबटसर वास येत होता, त्यात भज्यांचा वास नव्हता. शेवटचा ओंडका तुटायच्या बेतात असताना नानांनी हात थांबवला. ते बुंध्याकडं बघत बोलले, माझ्याकडं नाही.

"तूबी जाय सुरतले. इतला दिन तुले मी आठे बांधी ठेवं."

मला हेच हवं होतं. इतकी वर्षं मी याच एका वाक्याची वाट बघितली होती. आणि ते ऐकल्यावर मला रडू आलं, कारण मी गेल्यावर मुलगा परत यायचं काही कारण उरत नाही, हे माझ्याइतकंच नानांना माहीत होतं. ते म्हणाले, "वढ, माय. इतलंसं ऱ्हायनं." मी ओढलं.

मी निघायच्या दिवशी नाना माझ्या आणि अक्कांच्या आधीच अमळनेरला गेले. स्टेशनवर भेटले तेव्हा त्यांच्या काखेत खोकं होतं. आत नवा कोरा पितळी स्टोव्ह होता, आणि सोबत दुकानाचा शिक्का मारलेली पावती. शिक्का मी ओळखला. बाजारात शिरलं की पहिलं लागतं ते दुकान, जिथं नाना इतकी वर्षं फक्त पाणी प्यायला जात होते.

"चक्कर नही मारी का, नाना?" मी विचारलं. तोवर मीही त्यांच्याच भाषेत बोलायला लागले होते.

"नही," ते म्हणाले. मग रुळांकडं बघत म्हणाले, "मी थंडाच पेटाडी पाहा. एक काडीमा पेटना." स्टोव्ह थंड असतानाच त्यांनी दुकानात पेटवून पाहिला होता.

नानांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. शेवटच्या आजारात आम्ही पोचलो होतो. घर आवरताना माळ्यावर ते पोतं सापडलं. मशीनमधलं शेंगदाण्याचं तेल डिंकासारखं घट्ट झालं होतं. करवत मी सुरतेला आणली, ती दाराच्या वर टांगली आहे, येणारेजाणारे विचारतात हे काय आहे. गॅस आला, मग दुसरं सिलिंडर आलं. स्टोव्ह मी टाकला नाही. आखाजीच्या सकाळी मी तो खाली काढते. तो वर्षभर थंड पडलेला असतो, आणि नानांनी सांगितलं तसा एका काडीत पेटतो. त्याचा आवाज घरभर होतो आणि मला गाव आठवतं, अक्कांचे मांडे, पत्र्यावरचे पापड, आणि आतून मुद्दाम काढलेला तो खोकला. नाना मला आजही हवे आहेत.

त्या दिवशी अमळनेरला गाडी सुटताना नाना माझ्या खिडकीचा गज धरून उभे होते. पोचल्यावर पत्र टाक, पाणी उकळून पी, असलं काहीबाही बोलत होते. अक्का मागं डोळ्यांना पदर लावून उभ्या होत्या. इंजिनानं हिसका दिला. गाडीबरोबर ते दोन पावलं चालले असते तर चाललं असतं, सगळे चालतात. नाना जागचे हलले नाहीत. गाडीनं ओढलं, तसा त्यांनी हात सोडला.